जागा भाड्याने देणे आहे

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या घरास माडी नसावी. असल्यास ती त्याने भाड्याने दिलेली नसावी. नाहीतर ‘आणि भाडेकरू पाहावा ठेवून’ असा तिसरा चरण जोडल्यावाचून तो गृहस्थ स्वस्थ बसताना. घर बांधताना मनुष्यास गवंडी, सुतार व नगरपालिका यांची ओळख होते. लग्नात सोयऱ्याधायऱ्यांची होते. पण स्वतःची ओळख व्हावयास हवी असेल तर त्याने आपल्या घराचा एक भाग परक्या माणसास देण्यास निघावे. आम्ही तसे निघालो होतो. त्या ओळखीची हकीकत सांगण्याचे येथे योजिले आहे. ती आम्हांस फारशी भूषणावह नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

आम्ही वाशिमचे. येथील महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा वाशिम हे अकोला जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव होते, आणि भाडेकरू ही वस्तू येथे फारशी आढळत नसे. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा झाला. जिल्ह्याबरोबर कलेक्टरकचेरी आली, जिल्हा परिषद आली, कोषागार आले, आणि त्या सर्वांबरोबर त्यांचे कारकून, शिक्षक, अभियंते व परिचारिका आपापल्या वळकट्या घेऊन आल्या. ज्यांच्या घरात दोन खोल्या अधिक होत्या ते बघता बघता घरमालक झाले. ज्यांच्या घरात नव्हत्या त्यांनी सोयाबीनच्या पैशांतून बांधून घेतल्या. आम्हीही २००९ साली माडी चढविली: दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी आणि बाहेरून स्वतंत्र जिना. जिना बाहेरून असला म्हणजे भाडेकरूचा त्रास होत नाही, असे गवंड्याने सांगितले होते. तो बिचारा जिन्यापुरते बोलत होता.

माडी तयार झाली, पण ती कोणास द्यावी या विचाराने आमची झोप उडाली. याचे मूळ आमच्या तीर्थरूपांच्या अनुभवात होते. जुन्या वाशिमात आमचा एक वडिलार्जित वाडा होता व त्याच्या ओसरीलगतच्या दोन खोल्यांत एक बिऱ्हाड राहत असे. त्या काळी विदर्भात १९४९ सालचा मध्यप्रांत व वऱ्हाडचा भाडेनियंत्रण आदेश चालत असे. त्या आदेशान्वये रिकाम्या जागेची वर्दी अधिकाऱ्यांस द्यावी लागे; ती जागा अमक्यास द्या असे सांगण्याचा त्यांस अधिकार असे; आणि भाडेकरूस जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास भाडेनियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. युद्धानंतरच्या टंचाईत आणि फाळणीनंतरच्या विस्थापितांच्या लोंढ्यात कित्येक कुटुंबांच्या डोक्यावरील छप्पर अशा कायद्यांनीच राखले, हे आम्ही विसरत नाही. परंतु टंचाईसाठी केलेला तो आदेश पुढे पन्नास वर्षे राहिला, आणि आमच्या वाड्यातील बिऱ्हाडही राहिले. महिना अठ्ठावीस रुपये भाडे हातावर ठेवून ते गृहस्थ तीर्थरूपांस म्हणत, “पावती द्या.” तीर्थरूप आम्हांस म्हणत, “भाडेकरू म्हणजे दत्तक मुलगा. घेण्यापूर्वी हवा तेवढा विचार करावा. घेतल्यावर विचार करून उपयोग नाही.”

हा आदेश, मुंबईचा १९४७ सालचा भाडेकायदा आणि मराठवाड्यातील हैदराबादचा १९५४ सालचा कायदा हे तिन्ही जाऊन त्यांच्या जागी महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ आला व तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. परंतु कायदा जितक्या लवकर बदलतो तितक्या लवकर भीती बदलत नाही. आत आलेला भाडेकरू बाहेर निघत नाही, ही धास्ती दोन पिढ्यांच्या हाडीमाशी खिळली होती. म्हणून घरमालकाची सगळी सावधगिरी उंबरठ्यावर गोळा झाली. आत आल्यावर काही करता येत नाही, तेव्हा जो काही न्यायनिवाडा करावयाचा तो दारातच; आणि दारातला निवाडा चेहरा, कपडे व आडनाव यांवरूनच व्हावयाचा.

आमच्या माडीसाठी आळीतील जाणत्या मंडळींची एक सभाच भरली. शेजारचे निवृत्त तलाठी भाऊसाहेब हे तिचे स्वयंसिद्ध अध्यक्ष. ते म्हणाले, “सर, पोलिसाले देऊ नोका, वकिलाले त् बिलकुलच देऊ नोका. पत्रकार आला त् जागा गेली म्हणा.” दुसऱ्या एकाने पुढारी वगळला, तिसऱ्याने सडेफटिंग वगळले, चौथ्याने लहान मुले असलेली कुटुंबे वगळली, कारण मुले भिंतींवर लिहितात, पाचव्याने मुले नसलेली कुटुंबे वगळली, कारण त्यांना अद्याप व्हावयाची आहेत. मांसाहारी गेले, परप्रांतीय गेले, ज्यांच्याकडे पाहुणे फार येतात ते गेले. शेवटी कोण चालेल, असे आम्ही विचारले तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, “तुमच्यासारखा प्रोफेसर. बोलते लय, पण भांडत नाही.” या प्रशस्तीचा आम्ही नम्रपणे स्वीकार केला.

वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखराने आपल्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचे लग्न याच नगरीत लाविले आहे. आमच्या मनात त्या रात्री असे आले की, लग्न लागल्यावर त्या जोडप्याने येथेच बिऱ्हाड करावयाचे ठरविले असते तर आमच्या सभेने काय केले असते? वराच्या आईचे नाव सरस्वती, आडनाव नाही, व्यवसाय काव्य, पगाराचा दाखला नाही. भाऊसाहेबांनी त्यास फाटकातूनच परत पाठविले असते. पुराणकथेत त्या दोघांस कवींच्या मनात राहण्याचा वर मिळाला, म्हणून त्यांचे निभावले.

इतका विनोद सुचूनही आम्ही वागलो मात्र भाऊसाहेबांसारखेच. ती गोष्ट अशी.

२०१२ सालच्या जून महिन्यात माडी दुसऱ्यांदा रिकामी झाली, आणि आम्ही फाटकावर पाटी लाविली: ‘जागा भाड्याने देणे आहे’. तिसऱ्या दिवशी सायंकाळी एक तिशीच्या आतला तरुण आला. त्याने वाकून नमस्कार केला व म्हणाला, “सर, ओळखलं नाही काय? बी. ए. ले तुमच्याच वर्गात होतो मी.” चेहरा ओळखीचा वाटला. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याला नोकरी लागली होती व वाशिमजवळच्या एका गावी त्याची बदली झाली होती. आम्ही नाव विचारले, गाव विचारले. मानोरा तालुक्यातील एका तांड्याचे नाव त्याने सांगितले. तोवर आमचे लक्ष फाटकाकडे गेले होते. तेथे त्याची पत्नी कडेवर मूल घेऊन उभी होती, आणि तिच्याजवळ त्याची वृद्ध आई. आरशांच्या भरतकामाची कांचळी, घेरदार फेटिया आणि हातभर बलिया, असा बंजारा स्त्रीचा जुना पेहराव तिच्या अंगावर होता. समोरच्या ओट्यावर भाऊसाहेब बसले होते. तेही तिकडेच पाहत होते.

तरुणाने माडी पाहिली. भाडे विचारण्याच्या आधी त्याने तीन गोष्टी विचारल्या. एकबुर्जीच्या धरणाचे नळ किती दिवसांआड येतात व साठवणीस टाकी आहे काय? केरकचरा कोठे टाकावयाचा? आणि आईस थंडीत सकाळी अंगणातल्या उन्हात बसलेले चालेल काय? या प्रश्नांचे मोल आम्हांस तेव्हा कळले नाही. आम्ही खाली आलो, घसा साफ केला व म्हणालो, “अरे, जागा कालच एकाला कबूल केली. मी विसरलोच.”

त्याने आमच्याकडे पाहिले, मग फाटकावरील पाटीकडे पाहिले. त्याच्या मुद्रेवर राग नव्हता. तो म्हणाला, “मंग सर, ते पाटी काढून घ्या. लोकायले उगाच चक्कर पडते.” पुन्हा वाकून नमस्कार केला आणि ती मंडळी गेली.

दारात उभ्या असलेल्या आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “अहो, जागा नव्हती द्यायची तर नव्हती, त्या म्हातारीला पाणी तरी विचारायचं.” आम्ही उत्तर दिले नाही. त्या दिवशी सकाळच्याच तासाला आम्ही मिल्लच्या स्वातंत्र्यावरील निबंधाचे विवरण केले होते, व ते चांगले वठले असे आम्हांस वाटले होते. अंधार पडल्यावर आम्ही स्वतः जाऊन पाटी काढली. खोटे बोललो होतो. ते निदान खरे दिसावे एवढीच त्यातली प्रामाणिकता.

पाटी गेल्यावर अनोळखी मनुष्य येण्याचा मार्ग बंद झाला. उरले ते ओळखीचे. आठ दिवसांत अकोल्याहून आमच्या मामांचा फोन आला: एक गृहस्थ वाशिमास नोकरीनिमित्त येत आहेत, घराणे दिवा घेऊन शोधले तरी मिळणार नाही असे आहे. गृहस्थ आले. वाणी शुद्ध, कपडे स्वच्छ, कपाळी गंध. माडीकडे त्यांनी ओझरते पाहिले, एकही प्रश्न विचारला नाही, सांगितले ते भाडे मान्य केले. आम्ही करारपत्राचा शब्द काढताच मामा फोनवर म्हणाले, “आपल्या-आपल्यांत कागद कशाला?” कागद झाला नाही.

तीन महिने भाडे वेळेवर आले. चौथ्या महिन्यात गृहस्थांच्या बहिणीचे लग्न निघाले, पाचव्यात पगार अडकला, सहाव्यात ते जिन्यावरून आमची चाहूल घेऊन उतरू लागले. त्यांच्याकडील तोटी गळत राहिली व टाकी पहाटेच रिकामी होऊ लागली. वर्ष उलटले तेव्हा आम्ही एका वकील मित्राकडे गेलो. त्याने पहिलाच प्रश्न केला, “करार नोंदविला आहे?” नाही म्हणताच तो हसला. नव्या अधिनियमाच्या पंचावन्नाव्या कलमान्वये करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच खरे धरावयाचे. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकास दंड वा कैद यांचीही तरतूद आहे. “म्हणजे,” तो म्हणाला, “गुन्हेगार सध्या तूच आहेस.” संतापाच्या भरात आम्ही वरचे पाणी तोडण्याची भाषा केली, त्यावर, भाडेकरूचे पाणी वा वीज तोडणे हाही गुन्हाच, असे त्याने बजावले. सव्वीस महिन्यांनी, एका पहाटे, आम्ही जागे होण्यापूर्वी गृहस्थ निघून गेले. मागे राहिले ते विजेचे थकलेले देयक, भिंतींतील भोके, आणि देव्हाऱ्याच्या जागी तेलाचा डाग. मामांस कळविले तेव्हा ते म्हणाले, “घराणे चांगलेच होते रे, मुलगा तसा निघाला.”

येथून आमचे खरे शिक्षण सुरू झाले. त्याचा सारांश घरमालक वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून देतो.

पहिली गोष्ट चौकशीची. येणाऱ्याच्या आधीच्या घरमालकास विचारावे, असे सर्व शहाणे सांगतात. ते अपुरे आहे. एका उमेदवाराच्या तत्कालीन घरमालकाने फोनवर त्याची इतकी स्तुती केली की आम्हांस संशय आला. हा मनुष्य इतका गुणी, तर त्याच्या जाण्याने मालकाच्या आवाजात एवढा उल्हास कां? आम्ही त्याच्याही आधीच्या मालकाचा पत्ता काढला, आणि सत्य बाहेर आले. ज्याच्या घरात भाडेकरू आज आहे त्यास तो जावा अशी इच्छा असू शकते. ज्याच्या घरून तो केव्हाच गेला त्यास खोटे बोलण्याचे कारण उरत नाही. म्हणून नेहमी शेवटून दुसऱ्या मालकास विचारावे.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. म्हणजे आपण विचारलेल्या नव्हे, त्याने विचारलेल्या. जो पाण्याची वेळ, कचऱ्याची जागा, शेजारचा आवाज, गाडी ठेवण्याची सोय यांची विचारपूस करतो त्याने तेथे राहण्याचे चित्र मनात रंगविलेले असते. आणि जो राहणार तो भाडेही देणार. ज्यास काहीच विचारावयाचे नसते, ज्यास सगळ्याच अटी मान्य असतात, त्याच्या लेखी त्या अटींस काही किंमत नसते. भाडे त्याच्या कमाईस झेपेल काय, हे मात्र आपण न लाजता विचारावे. आम्ही ते वेतनाच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देत नाही. त्यापुढे गेले म्हणजे भाडे देण्याची इच्छा शाबूत असूनही शक्ती सरते.

तिसरी गोष्ट कागदाची. अकरा महिन्यांच्या कराराची जी चाल आपल्याकडे आहे तिचे मूळ १९०८ सालच्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षावरील भाडेपट्टा नोंदविलाच पाहिजे असा त्याचा दंडक. म्हणून लोकांनी वर्षातून एक महिना वजा करून नोंदणी चुकविली. महाराष्ट्रात आता ही पळवाट उपयोगाची नाही. अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो. आणि ते घरमालकाच्या हिताचेच आहे. नोंदविलेल्या परवाना-कराराची मुदत संपूनही मनुष्य जागा सोडीत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, व तेवढ्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट आकार लागतो. ज्या भीतीपायी आमचे तीर्थरूप आयुष्यभर कुढले तिच्यावरचा उतारा हा असा कागदावर आहे. करारासोबत वस्तूंची यादी करावी, पंखे किती, दिवे किती ते लिहावे, आणि प्रवेशाच्या दिवशीचा वीजमीटरचा आकडा दोघांनी मिळून टिपावा. अनामत फार मागू नये. केंद्राने राज्यांपुढे ठेवलेल्या २०२१ सालच्या नमुना-कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे. आम्ही तेवढीच घेतो.

चौथी गोष्ट आम्हांस एका परप्रांतीय अभियंत्याने शिकविली. समृद्धी महामार्गाचे काम आपल्या जिल्ह्यात चालू होते तेव्हा तो आला होता. सर्व पाहून झाल्यावर त्याने विचारले, “आपके पहले किरायेदार क्यों गये?” आम्हांस राग आला. परीक्षक आम्ही, आणि आमचीच परीक्षा! पण प्रश्न रास्त होता. आपण त्याचा पूर्वेतिहास काढतो. मग आपला त्याने कां काढू नये? पावती वेळेवर न देणारा, गळती महिनोन्महिने न दुरुस्त करणारा, भाडेकरूच्या पाहुण्यांची मोजदाद करणारा मालक जेथे असतो तेथे चांगला भाडेकरू टिकत नाही. आणि जो टिकतो त्यास दुसरीकडे कोणी घेत नाही म्हणून टिकतो. तो अभियंता महामार्गाचे आपले काम संपेपर्यंत आमच्याकडे राहिला, व जाताना भिंती रंगवून गेला.

इतके शहाणपण आले, तरी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. दारात कोणी आले की आमचा पहिला प्रश्न अजूनही तोच असे: “आडनाव?” सवयीने तो निघे, आणि त्याचे उत्तर कानी पडले की पुढच्या सर्व चौकशीचा निकाल आधीच लागलेला असे.

२०२२ साली आमची कन्या नोकरीस पुण्यास गेली. तिच्यासाठी जागा शोधू लागली. एकाने सांगितले, एकट्या मुलीस देत नाही. दुसरीने विचारले, रात्री किती वाजता परतता? तिसऱ्याने आडनाव विचारले, गाव विचारले, आणि जागा कालच गेली म्हणून सांगितले. “बाबा,” ती फोनवर म्हणाली, “आज तिसरा दिवस आहे; मोबाइलवर त्यांची जाहिरात अजून तशीच आहे. नाही म्हणायचं तर म्हणा. पण जाहिरात तरी काढा ना!” आम्ही फोन खाली ठेवला. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. दहा वर्षांत त्या प्रसंगाचा त्यांनी एकदाही उच्चार केला नव्हता. तेव्हाही केला नाही.

त्या रात्री आम्हांस १९१७ साल आठवले. कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी घेऊन, लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून, एक महाराष्ट्रीय तरुण बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेला. विद्वत्ता, सचोटी, पगार, यांपैकी घरमालकास हवे ते सर्व त्याच्यापाशी होते. पण सबंध शहरात त्यास खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने तो राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यास बाहेर काढले. घर असलेल्या दोन स्नेह्यांकडे त्याने आश्रय मागितला. दोघांनीही सौम्य शब्दांत सबबी सांगितल्या. सायंकाळपर्यंत कमाठी बागेत बसून त्याने रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ते डॉक्टर भीमराव आंबेडकर. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली ही हकीकत आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. सांगताना आमचा रोष नेहमी त्या काठीवाल्यांवर असे. आपण त्या कथेत कोणत्या पात्राच्या जागी उभे आहो याचा विचार आम्ही केला नव्हता. काठी आम्ही कधी हाती धरली नाही. आम्ही त्या दोन स्नेह्यांपैकी होतो.

विद्यापीठात उत्तरपत्रिका तपासावयास येतात तेव्हा त्यांवरील विद्यार्थ्याचे नाव झाकलेले असते. ते कां झाकावयाचे हे आम्ही नव्या प्राध्यापकांस गंभीरपणे समजावून देतो. आणि घरी मात्र आम्ही मुखपृष्ठावरचे नाव वाचूनच गुण देत होतो. आतले उत्तर वाचण्याची तसदीच घेत नव्हतो. त्या तरुणाने पाणी, कचरा आणि आईचे ऊन असे तीन प्रश्न विचारले होते. आमच्याच कसोटीने पाहिले तर इतकी चांगली उत्तरपत्रिका आमच्या हाती पुन्हा आली नाही.

घराण्याची हमी पुरेशी नसते, हे आपल्या विदर्भास दीड हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होते. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला आहे. त्यात त्याने एक गाव एक सहस्र ब्राह्मणांस दान दिले आहे. परंतु दानाबरोबर अटीही कोरून ठेविल्या आहेत. हे लोक राजद्रोह करणार नाहीत, चोरी व व्यभिचार करणार नाहीत, लढाई करणार नाहीत, इतर गावांशी आगळीक करणार नाहीत, तोवर गाव त्यांचे; तसे वागतील तर गाव परत घेणाऱ्या राजास चोरीचा दोष लागणार नाही. कुळावर विसंबणे त्या काळी सर्वांत सोपे होते. तरी राजाने वागणुकीच्या अटी घालून त्या तांब्यावर कोरविल्या. आणि आम्ही मामांच्या एका फोनावर विसंबून कागदसुद्धा केला नाही!

पुढे काही दिवसांनी आम्ही त्या विद्यार्थ्याचा ठाव काढला. आमच्याकडून गेल्यावर त्यास बालाजी मंदिराच्या बाजूस एका वृद्ध शिंप्याच्या घरी जागा मिळाली होती. त्या शिंप्यास आम्ही भेटलो. आम्ही भाडेकरूची चौकशी करावयास आलो आहो असे त्यास वाटले असावे. तो म्हणाला, “सात वर्स राह्यला. भाडं मागाचं काम नाही पडलं. मायबी त्याची सकाळी आंगणात बसे. माह्या म्हातारीले तेवढीच सोबत होती. गेला तव्हा म्हातारी दोन दिवस जेवली नाही.” चौकशी आम्ही योग्य मालकापाशीच केली होती, केवळ दहा वर्षे उशीर झाला होता.

विद्यार्थ्याने रिसोड रस्त्याकडे लहानसे घर बांधले आहे. आम्ही गेलो तेव्हा तो शाळेतून नुकताच परतला होता. त्याने वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, पाणी दिले. त्याची आई आता नव्हती. काय बोलावयाचे ते आम्ही वाटेत चांगले जुळवून ठेविले होते, प्रत्यक्षात एकच वाक्य धड बोलता आले: “त्या दिवशी जागा कोणाला दिलेली नव्हती.”

“मले मालूम होतं, सर,” तो म्हणाला. काही वेळ कोणीच बोलले नाही. मग त्याने विचारले, “पण पाटी काढली होती काय तुम्ही?”

“हो. त्याच संध्याकाळी.”

“तेवढं बरं केलं,” तो म्हणाला, व चहा सांगावयास आत गेला.

सध्या आमची माडी पुन्हा रिकामी आहे व फाटकावर पाटी आहे. येणाऱ्यास आम्ही आधी जागा दाखवितो आणि तो काय विचारतो ते ऐकतो. नाव करारपत्र लिहिताना विचारतो. तोवर त्याच्याबरोबर आलेल्या माणसांस आत बसवून पाणी देण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे.